पडदा, टाळ्या आणि मतदानयंत्र: ‘लाव रे तो व्हिडिओ’ प्रचाराचं प्रकरण

२०१९च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ज्या नेत्याच्या सभांवरून लोकलच्या डब्यात, ऑफिसात आणि घराघरांत वाद रंगत होते, त्याच्या पक्षाचा एकही उमेदवार त्या लोकसभा निवडणुकीत उभा नव्हता. राज ठाकरे यांनी नांदेडपासून नाशिकपर्यंत दहा सभा घेतल्या. शिवाजी पार्कवरचा गुढीपाडवा मेळावा त्याआधी ६ एप्रिलला झाला होता, तो वेगळा. प्रत्येक सभेत दोन्ही बाजूंना मोठे पडदे आणि मध्ये राज. बोलता बोलता ते बाजूला बघून म्हणायचे, ‘लाव रे तो व्हिडिओ’, आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची जुनी भाषणं पडद्यावर सुरू व्हायची. २३ मेला निकाल लागला. ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या. राज यांनी ट्विटरवर एकच शब्द लिहिला: ‘अनाकलनीय!’

हा निकाल मला तितकासा अनाकलनीय वाटत नाही. उलट, सोशल मीडिया निवडणुकीत नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण आपल्याकडे सापडणं कठीण आहे. एरवी पक्ष, पैसा, जात, उमेदवार, बूथवरची माणसं आणि मोबाइल हे सगळं एकत्र कामाला लागतं. त्यातला मोबाइलचा वाटा वेगळा काढता येत नाही. इथे एका नेत्याने बाकीचं सगळं वजा केलं. उमेदवार नाही, चिन्ह नाही, युती नाही. उरलं फक्त भाषण आणि व्हिडिओ. प्रयोगशाळेत एखादा घटक वेगळा करून तपासतात, तसं हे आपोआप घडलं.

पक्षाची अवस्था

राज यांच्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची, म्हणजे मनसेची, स्थापना ९ मार्च २००६ची. २००९च्या विधानसभेत पक्षाचे १३ आमदार निवडून आले आणि मतं जवळपास पावणेसहा टक्के मिळाली. २०१२मध्ये नाशिक महापालिकेची सत्ता आली. २०१४ला मात्र सगळं उतरणीला लागलं. लोकसभेला राज यांनी उमेदवार उभे केले आणि त्याच वेळी पंतप्रधानपदासाठी मोदींना पाठिंबा दिला. उमेदवार पडले. विधानसभेत जुन्नरची एकच जागा मिळाली आणि तो आमदारही मार्च २०१९मध्ये शिवसेनेत गेला.

म्हणजे २०१९च्या मार्चमध्ये मनसेकडे विधानसभेत कुणी नव्हतं, लोकसभेत तर आधीपासूनच नव्हतं. काँग्रेसला मनसे आघाडीत नको होती. उत्तर भारतीयांबद्दलच्या मनसेच्या जुन्या भूमिकेमुळे मुंबईत आणि मुंबईबाहेरही आपलं नुकसान होईल, हा त्यांचा हिशेब होता. राज यांनी निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं, आणि मोदी व अमित शहा यांना सत्तेवरून दूर करणं एवढाच आपला कार्यक्रम असल्याचं सांगितलं. त्याचा फायदा ज्याला व्हायचा त्याला होऊ दे, अशी त्यांची भूमिका होती. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या उमेदवारांबरोबर ते मंचावर बसले नाहीत.

सभा कशी चालायची

दृश्य माध्यम सभेत आणणं ही नवी गोष्ट नव्हती. २०१४मध्ये मोदींच्या त्रिमिती प्रतिमा गावोगावी बोलत होत्या. पण त्या पडद्यावर स्वतःचा नेता दिसायचा. राज यांनी पडद्यावर विरोधकाला बसवलं आणि त्यालाच त्याच्याविरुद्ध बोलायला लावलं. वक्ता आरोप करत नाही, तो फक्त आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवतो. गुजरातचे मुख्यमंत्री असताना मोदी एखाद्या गोष्टीवर काय म्हणाले आणि पंतप्रधान झाल्यावर त्यांनी काय केलं, अशी ती मांडणी. नोटबंदी, रोजगार, योजनांच्या जाहिराती, लष्कराच्या नावाने मागितलेली मतं, असे विषय एकामागून एक यायचे.

हे शक्य झालं ते दोन कारणांनी. एक, जुनी भाषणं यूट्यूबवर पडून होती आणि त्यातली बरीचशी खुद्द भाजपनेच वर चढवलेली होती. २०१४चा मोदींचा प्रचार समाजमाध्यमांवर उभा राहिला तेव्हा प्रत्येक भाषण जपून ठेवण्याची सवय लागली. त्या सवयीने पाच वर्षांनी विरोधकाला दारूगोळा पुरवला. दुसरं कारण इंटरनेटचं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवर वीस-पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ बघणं ही चैन राहिली नाही. २०१४ला व्हॉट्सॲपवर फिरायची ती बहुतेक चित्रं आणि मजकूर. २०१९ला भाषणाचे तुकडे फिरू लागले.

या सभा मैदानासाठी जितक्या, तितक्याच मोबाइलसाठी बांधलेल्या होत्या, हे लक्षात घेतलं पाहिजे. मराठी वृत्तवाहिन्या त्या थेट दाखवत. रात्री सभा संपेपर्यंत त्यातले तीन-चार मिनिटांचे तुकडे ग्रुपवर आलेले असत. प्रत्येक तुकड्याला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट होता: राज यांचं वाक्य, पडद्यावरचा पुरावा, मग राज यांची मान हलवत केलेली टिप्पणी आणि हशा. तासाभराचं भाषण कापायला कुणा संपादकाची गरजच नव्हती, ते आधीच कापलेलं यायचं. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य तर जोडकामाचा खिळा होतं. त्याचे मीम झाले, शाळेतली पोरं एकमेकांना ते म्हणू लागली, लग्नाच्या हॉलमध्ये फोटोवाल्याला लोक तेच सांगू लागले. प्रचारातलं वाक्य राजकारणाबाहेर पडून बोलीत शिरणं हे फार थोड्यांच्या वाट्याला येतं. २०१४च्या विधानसभेतलं भाजपचं ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा’ असंच टोलवलं गेलं होतं, पण ते मुख्यतः थट्टेने. इथे थट्टेबरोबर कौतुकही होतं.

हरिसाल

या प्रचारातला सगळ्यात परिणामकारक भाग मोदींच्या भाषणांचा नव्हता, असं माझं मत आहे. तो हरिसालचा होता.

हरिसाल हे अमरावती जिल्ह्यात मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं गाव. देवेंद्र फडणवीस सरकारने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने २०१६मध्ये ते डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. दूरवैद्यक, इंटरनेट, रोकडरहित व्यवहार असं सगळं तिथे असल्याचं जाहिरातींत दिसत होतं. मनसेचे लोक कॅमेरा घेऊन तिथे गेले. दुकानात कार्ड चालत नाही, सिग्नल मिळत नाही, डॉक्टर नाही, असं गावकऱ्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून आणलं. पडद्यावर आधी सरकारी जाहिरात, मग हे चित्रण. आणि त्यानंतर त्या जाहिरातीत झळकलेला तरुणच राज यांनी मंचावर उभा केला. तो कामाच्या शोधात होता.

मुंबईत काळाचौकीच्या सभेत याचीच पुढची आवृत्ती झाली. मोदी सरकारच्या योजनांचे लाभार्थी म्हणून समाजमाध्यमांवरच्या एका समर्थक पानावर ज्या कुटुंबाचा फोटो फिरला होता, ते कुटुंब मंचावर आलं. फोटो त्यांना न विचारता वापरला होता.

मोदींच्या जुन्या भाषणाला समर्थकाकडे उत्तर असतं: परिस्थिती बदलली, संदर्भ वेगळा होता, अर्धंच दाखवलं. समोर उभ्या असलेल्या माणसाला असं उत्तर देता येत नाही. शिवाय हरिसालच्या व्हिडिओत कुणाचं मत नव्हतं, तपास होता. एका पक्षाने वार्ताहराचं काम केलं. हे काम वृत्तवाहिन्यांनी आधीच का केलं नाही, हा प्रश्न त्या वाहिन्यांवरच थेट प्रक्षेपित होत होता, यातली गंमत कुणाच्या ध्यानात आली असेल तर तसं कुणी बोललं नाही.

उलट मारा

भाजपचा प्रतिसाद दोन दिशांनी आला. विनोद तावडे यांनी निवडणूक आयोगाकडे विचारणा केली, की या सभांचा खर्च कुणाच्या खात्यात धरायचा. प्रश्न राजकीय होता, तरी तो गैरलागू नव्हता. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला तेव्हा ७० लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. मैदान, पडदे, ध्वनियंत्रणा, प्रवास यांचा खर्च एरवी पक्षाच्या आणि उमेदवाराच्या हिशेबात वाटला जातो. पण ज्या पक्षाचा उमेदवारच नाही आणि जो नेता कुणाला मत द्या हेही सांगत नाही, त्याचा खर्च कोणत्या उमेदवाराच्या नावावर घालणार? आपला निवडणूक कायदा उमेदवाराभोवती बांधलेला आहे. उमेदवार नसलेला प्रचार त्याच्या हिशेबात नीट बसत नाही.

दुसरी दिशा व्हिडिओचीच. प्रचार संपायच्या सुमाराला आशिष शेलार यांनी वांद्र्याच्या रंगशारदात कार्यक्रम घेऊन राज यांच्या व्हिडिओंना व्हिडिओनेच उत्तर दिलं. राज यांनी कुठे अर्धवट चित्रण दाखवलं हे त्यांनी मांडलं, आणि राज यांची स्वतःची जुनी वक्तव्यंही दाखवली. राज यांनी २०११मध्ये गुजरातचा दौरा केला होता आणि तिथल्या कारभाराची भरभरून स्तुती केली होती. यूट्यूब कुणाचीच भीड ठेवत नाही.

शेलारांच्या कार्यक्रमाचे तुकडेही फिरले, पण ते भाजपच्या ग्रुपमध्ये जास्त फिरले. राज यांचे व्हिडिओ काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आणि राजकारण नको म्हणणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये फिरले. ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याच्यापर्यंत पोचत होतं.

निकालाचा हिशेब

आता जागा बघू. सभा झाल्या ती ठिकाणं आणि त्यांचे मतदारसंघ असे: नांदेड, सोलापूर, इचलकरंजी (हातकणंगले), सातारा, पुणे, महाड (रायगड), काळाचौकी (दक्षिण मुंबई), भांडुप (ईशान्य मुंबई), कामोठे (मावळ) आणि नाशिक. यांपैकी युतीचा पराभव झाला तो फक्त दोन ठिकाणी, सातारा आणि रायगडला.

साताऱ्यात राष्ट्रवादीचे उदयनराजे भोसले जिंकले. ते २००९ आणि २०१४लाही जिंकले होते, तेव्हा तिथे सभेला श्रेय द्यायला फारशी जागा नाही. रायगडला राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांनी शिवसेनेच्या अनंत गीते यांना ३१ हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. आधीच्या वेळी, २०१४ला, गीते केवळ २,११० मतांनी जिंकले होते. हे बघून कुणी म्हणेल, की इथे महाडच्या सभेने पारडं फिरवलं असेल. पण २०१४ला शेतकरी कामगार पक्षाचा वेगळा उमेदवार होता आणि त्याने लाखाच्या वर मतं घेतली होती. २०१९ला शेकाप तटकऱ्यांबरोबर होता. खुलासा तिथे आहे.

उरलेल्या आठ जागांत तीन फार बोलक्या आहेत. नांदेडला काँग्रेसचे अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पडले. प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला तिथे दीड लाखाहून जास्त मतं होती. सोलापूरला काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजारांनी पडले. तिथे स्वतः आंबेडकर उभे होते आणि त्यांना १ लाख ७० हजार मतं मिळाली. हातकणंगल्यात काँग्रेस आघाडीतले राजू शेट्टी सुमारे ९६ हजारांनी पडले. वंचितची मतं सव्वा लाखाच्या जवळ. तिन्ही ठिकाणी विजयाचा फरक वंचितच्या मतांपेक्षा कमी. वंचितची सगळी मतं एरवी काँग्रेस आघाडीलाच गेली असती असं मानणं चूक आहे. पण या तीन मतदारसंघांत निकाल ज्या गोष्टीने ठरला ती मोदींबद्दलची नाराजी कमी-जास्त होण्याची नव्हती, तर ती नाराजी दोन खात्यांत वाटली जाण्याची होती. व्हिडिओ नाराजी वाढवत होता. ती कुठे टाकायची हे तो सांगत नव्हता.

बाकीच्या जागांवर फरक इतका मोठा होता, की तिथे कुठल्याही सभेने काही झालं नसतं. पुण्यात तीन लाखांहून जास्त, ईशान्य मुंबईत सव्वादोन लाखांच्या आसपास, मावळात दोन लाखांवर.

नाशिकची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. तिथे युतीचे उमेदवार होते हेमंत गोडसे, आणि राष्ट्रवादीचे समीर भुजबळ. दहा वर्षांपूर्वी, २००९च्या लोकसभेला, हेच गोडसे मनसेचे उमेदवार होते आणि याच समीर भुजबळांकडून सुमारे २२ हजार मतांनी हरले होते. त्या निवडणुकीत राबलेल्या मनसैनिकाला २०१९ला न बोलता सांगितलं जात होतं, की आता तेव्हाच्या आपल्या माणसाला पाडा आणि भुजबळांना निवडून आणा. सभेला गर्दी उसळली. गोडसे सुमारे २ लाख ९० हजार मतांनी जिंकले. सभा ऐकून टाळ्या वाजवणारा आणि यंत्रावर राष्ट्रवादीच्या घड्याळावर बोट ठेवणारा, हा एकच माणूस असेल असं धरून चालण्यात जी गफलत आहे, ती नाशिकइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

जे व्हिडिओला जमलं नाही

पहिली गोष्ट पोच. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या लोकनीती-सीएसडीएस या संस्थेच्या २०१९च्या पाहणीनुसार देशातले ढोबळमानाने एक तृतीयांश मतदार फेसबुक किंवा व्हॉट्सॲप वापरत होते. महाराष्ट्रात, विशेषतः शहरांत, हे प्रमाण जास्त धरलं तरी उरलेला मतदार मोठा होता. तो टीव्हीवर सभा बघू शकत होता, पण ज्याच्या हातात फोन नाही त्याला तुकडा फॉरवर्ड होत नाही. शिवाय जो बघत होता तो मतदार होता की नाही हे व्ह्यूजच्या आकड्यात कळत नाही. दुबईतला, बंगळुरूतला, कॅलिफोर्नियातला मराठी माणूस हे व्हिडिओ आवडीने बघत होता. परदेशातल्या भारतीय नागरिकाला मत द्यायला मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. मत फॉरवर्ड करता येत नाही.

पुण्याचा आकडा या संदर्भात मला सतत आठवतो. मोबाइल, इंटरनेट, राजकीय चर्चेची हौस, सगळं जिथे मुबलक, त्या मतदारसंघात २०१४ला ५४ टक्के मतदान झालं होतं. २०१९ला ते ५० टक्क्यांच्याही खाली आलं. एप्रिलची उन्हं, यादीतून गायब नावं, जोडून आलेल्या सुट्ट्या, ही कारणं नेहमीची आहेत. तरीही प्रचार इतका बघितला जात असताना मतदान घटावं, याचा अर्थ बघणं हाच एक सहभाग होऊन बसला होता. सभा ऐकली, क्लिप पाठवली, स्टेटस ठेवलं, भावाशी वाद घातला. नागरिकाचं काम झाल्याचं समाधान मिळालं.

दुसरी गोष्ट माणसांची. राज्यात तेव्हा ९५ हजारांवर मतदान केंद्रं होती. भाजपने मतदारयादीच्या एकेका पानासाठी माणूस नेमण्याची पद्धत रुजवली होती, पन्नाप्रमुख म्हणतात तो. आपल्या पानावरच्या घरांत कोण कुठे कामाला आहे, कुणाला योजनेचे पैसे आले, कुणाची चिठ्ठी पोचली नाही, दुपारी दोनपर्यंत कोण मतदानाला गेलं नाही, हे त्याने बघायचं. भाजपचे व्हॉट्सॲप ग्रुप याच उतरंडीवर बसवलेले होते. राज्याकडून आलेला मजकूर जिल्ह्याला, तिथून मंडलाला, तिथून बूथच्या ग्रुपवर. मजकूर पाठवणारा ओळखीचा, त्याच गल्लीतला, आणि मतदानाच्या दिवशी दारात येणारा. विरोधकांना वाटतं भाजपचा सोशल मीडिया म्हणजे ट्विटरवरची फौज. ती दिसते म्हणून तसं वाटतं. मतं ज्यातून येतात तो ग्रुप चाळीस-पन्नास माणसांचा असतो, आणि त्यात सुप्रभातचे फोटोच जास्त असतात.

राज यांच्या व्हिडिओला अशी उतरंड नव्हती. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांनी ते आनंदाने पुढे ढकलले, पण उसनवारीचा उत्साह होता तो. मनसैनिक बूथवर बसणार कुणासाठी?

तिसरी गोष्ट पर्यायाची, आणि माझ्या मते तीच निर्णायक. पुलवामाचा हल्ला १४ फेब्रुवारीला झाला, बालाकोटची कारवाई २६ फेब्रुवारीला. पंतप्रधान कोण, हाच त्या निवडणुकीचा प्रश्न झाला होता. मोदी नकोत हे व्हिडिओने पटवलं तरी मतदार लगेच विचारायचा, मग कोण? त्यावर सभेत उत्तर नव्हतं. शंका घेऊन माणूस मतदान केंद्रापर्यंत जातो, पण आत गेल्यावर यंत्रावर शंकेचं बटण नसतं. ‘नोटा’ आहे, पण तिथपर्यंत फार थोडे जातात.

याच निवडणुकीत उलटं उदाहरणही आहे. वंचित बहुजन आघाडीकडे पैसा कमी, वृत्तवाहिन्यांनी सुरुवातीला फारशी दखल घेतली नाही, त्यांच्या सभांचं चित्रण समर्थकांच्या ग्रुपमधून आणि छोट्या यूट्यूब वाहिन्यांवरून फिरत होतं. पण जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात त्यांचा उमेदवार होता, आणि ज्या समाजांना ते आवाहन करत होते त्यांचं जाळं वस्त्या-वस्त्यांत आधीपासून होतं. त्यांना राज्यात सुमारे ४१ लाख मतं पडली आणि मित्रपक्ष एमआयएमने औरंगाबादची जागा काढली. माध्यम तेच होतं. फरक होता तो व्हिडिओ संपल्यावर पुढे काय करायचं हे ठाऊक असण्याचा.

नियमांच्या फटी

महाराष्ट्रात मतदान चार टप्प्यांत झालं: ११, १८, २३ आणि २९ एप्रिल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या भागात प्रचार थांबतो. त्या वर्षी समाजमाध्यम कंपन्यांनी स्वेच्छा आचारसंहिता स्वीकारली होती आणि या काळातल्या उल्लंघनाच्या तक्रारी तीन तासांत निकाली काढण्याचं मान्य केलं होतं. पण एका मतदारसंघात शांतता असताना शेजारच्या मतदारसंघात सभा चालू, आणि तिचं थेट प्रक्षेपण दोन्हीकडच्या फोनवर. कायद्याने मैदान बंद केलं, खिसा उघडाच राहिला. हे राज यांच्यापुरतं नाही, मोदींच्या सभांनाही तेच लागू होतं. आजही परिस्थिती फारशी वेगळी नाही.

ऑक्टोबर

या प्रकरणाचा दुसरा अंक पाच महिन्यांनी झाला. ऑगस्टमध्ये सक्तवसुली संचालनालयाने दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेच्या व्यवहाराबाबत राज यांची चौकशी केली. विधानसभेला मनसे उतरली, शंभरच्या आसपास जागा लढवल्या. मागणी नवी होती: सत्ता नको, सक्षम विरोधी पक्ष म्हणून निवडून द्या. आता उमेदवार होते, रेल्वे इंजिन हे चिन्ह होतं. पण एप्रिलमध्ये ज्यांनी व्हिडिओ बघितले त्यांना बोलावणारा पक्ष पाच महिन्यांत गल्लीत उभा राहत नाही. कल्याण ग्रामीणची एक जागा मिळाली, मतं सव्वादोन टक्के.

त्याच प्रचाराच्या शेवटाकडे, १८ ऑक्टोबरला, साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले. उदयनराजे भाजपमध्ये गेल्याने तिथे लोकसभेची पोटनिवडणूक होती. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं पवारांनी त्या सभेत कबूल केलं. काही सेकंदांची ती दृश्यं आणि तो फोटो रातोरात राज्यभर गेले. त्यात पुरावा नव्हता, जुनी भाषणं नव्हती, पडदाही नव्हता. ज्या साताऱ्यात राज यांची सभा झाली होती, तिथेच उदयनराजे आता सुमारे ८७ हजार मतांनी हरले आणि श्रीनिवास पाटील जिंकले. राष्ट्रवादीच्या आमदारांची संख्या ४१वरून ५४वर गेली.

पावसामुळे जागा वाढल्या असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पश्चिम महाराष्ट्रात पक्षांतर केलेल्यांवर राग होता, पुराच्या वेळी सरकारने उशीर केल्याची भावना होती, साखर कारखाने आणि सहकारातली राष्ट्रवादीची माणसं जागेवर होती. त्या क्लिपने त्यांना हलवलं. गावातला कार्यकर्ता, जो घरात बसला होता, तो ऐंशीकडे झुकलेला नेता भिजताना बघून बाहेर पडला, आणि त्याच्यापुढे मतदान फक्त तीन दिवसांवर होतं. एप्रिलच्या क्लिपने प्रेक्षक हलवला होता, ऑक्टोबरच्या क्लिपने कार्यकर्ता.

नंतर

पडद्याची पद्धत मात्र राहिली. शिवसेना फुटल्यानंतर ठाकरे गटाच्या सुषमा अंधारे यांनी आपल्या सभांत व्हिडिओ लावायला सुरुवात केली आणि शिंदे गटाच्या नेत्यांना त्यांचीच जुनी वक्तव्यं ऐकवली. आता असा प्रचार करायला मोठा पडदाही लागत नाही. एखादा नेता बाजू बदलतो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याची जुनी भाषणं कापून तयार असतात. मतदार त्याला सरावला आहे. २०१९ला जुना व्हिडिओ बघून लोक चकित होत, आता हसून पुढे सरकतात.

एप्रिल २०२४मध्ये, पुन्हा गुढीपाडव्याच्या मेळाव्यात, राज यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. अपेक्षेप्रमाणे २०१९चे त्यांचे व्हिडिओ त्याच रात्री फिरू लागले. त्या लोकसभेलाही मनसेचा उमेदवार नव्हता. राज यांनी नारायण राणे यांच्यासाठी कणकवलीत, मुरलीधर मोहोळ यांच्यासाठी पुण्यात, नरेश म्हस्के आणि श्रीकांत शिंदे यांच्यासाठी कळव्यात सभा घेतल्या. महायुतीला राज्यात ४८ पैकी १७च जागा मिळाल्या, पण हे चौघेही निवडून आले. त्यांच्या विजयात या सभांचा वाटा किती, हे २०१९सारखं वेगळं काढून दाखवता येत नाही. या वेळी मतदारापुढे उमेदवाराचं नाव होतं, चिन्ह होतं, आणि मतदानाच्या दिवशी दारात येणारी माणसं भाजप आणि शिंदेंच्या शिवसेनेची होती.